जमीनदार, भागधारक आणि राजकारणी : नाना शंकरशेट यांच्या कार्याचा एक उपेक्षित पैलू

प्रस्तावना :

जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना (1803-1865) यांचे नाव महाविद्यालयीन वर्तुळात प्रामुख्याने मॅट्रिकच्या संस्कृत शिष्यवृत्तीमुळे परिचित आहे. चिंतामणराव देशमुखांनी 1912 मध्ये ही शिष्यवृत्ती पटकावल्याचा उल्लेख आवर्जून केला जातो. पाठ्यपुस्तकांतून नाना भेटतात ते शिक्षणप्रसारक व दानशूर म्हणून. तथापि हे दान कोणत्या मिळकतीतून झाले आणि त्या मिळकतीचे राजकारणाशी नाते कसे होते, याची चर्चा अभावानेच आढळते. प्रस्तुत लेखात नानांच्या जीवनाचा विचार जमीनमालक, गुंतवणूकदार व राजकारणी या तीन अंगांनी केला आहे.

इंग्लंडमधील वाट :

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये ही तिन्ही अंगे एकाच व्यक्तीत आढळणे नित्याचे होते. ग्रामीण जमीनदार खंडाच्या उत्पन्नातून कालवे व रेल्वेचे भाग विकत घेई आणि पार्लमेंटमध्ये बसे. त्याला कायद्याचाच आधार होता. 1710 च्या कायद्यानुसार परगण्याच्या प्रतिनिधीस जमिनीपासून वार्षिक 600 पौंडांचे उत्पन्न असणे बंधनकारक होते. 1838 मध्ये इतर मालमत्ताही ग्राह्य धरली गेली व 1858 मध्ये ही अटच रद्द झाली. थोडक्यात, जमीन ही सत्तेच्या दाराची किल्ली होती.

मुंबईतील वाट :

मूळच्या मुरबाडच्या मुरकुटे घराण्यातील नानांकडे वडील शंकरशेट यांच्या निधनानंतर ऐन तारुण्यात व्यापार व मालमत्तेची जबाबदारी आली. गिरगाव परिसरातील जमीनजुमला हा त्यांच्या प्रतिष्ठेचा पाया होता. जमिनीचा त्यांनी केलेला उपयोगही लक्षणीय आहे. मुलींच्या शाळेला त्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. 1846 मध्ये सुरू झालेले ग्रँट रोडवरील नाट्यगृह त्यांच्याच जागेत उभे राहिले. विष्णुदास भाव्यांनी 1853 मध्ये तेथे मराठी नाट्यप्रयोग केले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या जागेच्या मालकाची नोंद बहुधा ओझरतीच होते, हे विशेष.

1845 मध्ये मुंबईत रेल्वेसाठी जे प्रयत्न झाले त्यांत जमशेटजी जीजीभॉय यांच्यासमवेत नाना अग्रभागी होते. 1849 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीस मान्यता मिळाली आणि 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही 34 किलोमीटरची पहिली गाडी धावली. या कंपनीच्या कराराचे स्वरूप समजून घेणे येथे अगत्याचे ठरते. सरकारने जमीन विनामूल्य दिली आणि भांडवलावर दरसाल 5 टक्के व्याजाची हमी घेतली. उत्पन्न कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघणार होती. म्हणजे नफ्याची शाश्वती भागधारकास आणि तोट्याचा भार सारा भरणाऱ्या रयतेस! भागधारक बव्हंशी ब्रिटिश होते. कंपनीच्या संचालकांत मात्र नानांचाही समावेश होता.

हेच नाना 26 ऑगस्ट 1852 रोजी स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे अध्वर्यू होते. कंपनी सरकारच्या सनदेचे नूतनीकरण जवळ आले असता या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला. खर्चिक राज्यकारभारावर त्यात टीका होती, तसेच कायदे करणाऱ्या मंडळांत एतद्देशीयांना स्थान मिळावे अशी मागणी होती. महसुलाच्या उधळपट्टीवर बोट ठेवणारा नेता त्याच महसुलाची हमी असलेल्या कंपनीत संचालक असावा, ही विसंगती नाकारता येत नाही. परंतु तिला केवळ स्वार्थ म्हणणे अन्यायाचे होईल. इंग्रज जमीनदार मालमत्तेच्या बळावर थेट सभागृहात जाऊन बोलू शकत होता. तितकीच मालमत्ता असूनही नानांच्या हाती अर्ज करण्यापलीकडे साधन नव्हते. 1853 च्या सनदेने ती मागणी मान्य केली नाही. 1857 च्या उठावाच्या काळात तर त्यांच्यावरच संशय घेतला गेला. पुराव्याअभावी तो टिकला नाही.

1861 च्या कायद्यानंतर मुंबई कायदेमंडळावर नेमल्या गेलेल्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांत नाना होते. नेमणूक सरकारच्या मर्जीची होती. सदस्यास प्रश्न विचारण्याचा वा अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा अधिकार नव्हता. तो 1892 च्या कायद्याने, तोही मर्यादित स्वरूपात, मिळाला. 31 जुलै 1865 रोजी नानांचे निधन झाले होते.

मराठवाड्याच्या संदर्भात :

हमीची ही पद्धत मुंबई इलाख्यापुरती मर्यादित राहिली नाही. निजामाच्या राज्यात 1883 मध्ये स्थापन झालेल्या रेल्वे कंपनीच्या नावातच ‘गॅरंटीड’ हा शब्द होता. 1900 च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातील मनमाड-हैदराबाद लोहमार्ग जालन्यावरून गेला आणि घनसावंगी परिसराच्या आसपासचा कापूस मुंबईच्या बाजारपेठेशी जोडला गेला. मुंबईतील भागधारकाला निदान अर्ज करणारी एक संघटना तरी लाभली होती. येथील कापूस उत्पादकाला तितकेही व्यासपीठ उपलब्ध नव्हते.