पूल उघडला की...

माझं बालपण ठाकुर्लीच्या रेल्वे फाटकाजवळ गेलं. ‘फाटक पडलं होतं’ हे उशिराचं कारण आमच्या घरी रोज कुणी ना कुणी सांगायचंच. पण चालता रस्ताच आपल्यासमोर उभा राहतो, हे पाहायला मला अमेरिकेतल्या सिएटलला जावं लागलं.

नोकरीच्या निमित्तानं मी तिथे काही वर्षं राहिले. घर आणि मुलीचं पाळणाघर उत्तरेला, फ्रीमाँट भागात आणि ऑफिस दक्षिणेला. मध्ये लेक वॉशिंग्टन हे सरोवर समुद्राशी जोडणारा जहाजांचा कालवा. त्याच्यावरचा निळा-नारिंगी फ्रीमाँट पूल १९१७चा. पाण्यापासून त्याची उंची जेमतेम ३० फूट. शिडाच्या बऱ्याच होड्यांच्या डोलकाठ्या याहून उंच असतात. होडी आली की पूल उघडणार. असा तो दिवसाला सरासरी ३५ वेळा उघडतो!

आधी घंटा वाजते, सिग्नल लाल होतो, आडवे दांडे खाली येतात. मग पुलाचे दोन भाग दाराच्या झडपांसारखे वर उचलले जातात. एवढं धूड हलवायला फार मोठी ताकद लागत असेल, असं मला वाटायचं. पण प्रत्येक भागाच्या मागच्या टोकाला तोलासाठी काँक्रीटचं प्रचंड वजन असतं. बागेतल्या सी-सॉवर दोन सारख्या वजनाची मुलं बसली की एका बोटानं ढकललं तरी फळी हलते ना, तसंच हे. मोटरला फक्त तोल ढळवायचा असतो.

हे ज्ञान नंतरचं. पहिल्या आठवड्यात मात्र फजिती झाली. पाळणाघर साडेसहाला बंद व्हायचं. सहा वाजले की गर्दी ओसरेल, अशा हिशेबानं मी बरोबर सहाला निघाले. पुलापाशी पोचते तोच घंटा वाजली. पूल उघडला, मिटला, थोड्या गाड्या गेल्या आणि माझ्यापुढे चार गाड्या असताना पुन्हा उघडला. मी पोचले तेव्हा पावणेसात होत आले होते. माझी साडेतीन वर्षांची मुलगी कोट घालून, दप्तर पाठीला लावून एकटीच बाकावर बसली होती. ‘आई, तू पाण्यात पडली होतीस का?’ तिनं विचारलं. दंड भरला, त्याचं काही वाटलं नाही. तो प्रश्न मात्र रात्रभर छळत राहिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी त्या पुलावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. माझ्या एका सहकाऱ्याची स्वतःची होडी होती. तो शांतपणे म्हणाला, ‘तुझ्या गाडीला ब्रेक आहे, माझ्या होडीला नाही.’ वारा आणि प्रवाह यांच्यापुढे होडी एका जागी धरून ठेवणं अवघड असतं. म्हणूनच जलमार्गाचा हक्क तिथे आधी धरतात आणि पूल कधी उघडायचा याचे नियम शहराची पालिका नव्हे, तर देशाचं तटरक्षक दल ठरवतं. याच कालव्यावर पश्चिमेला बॅलर्ड पूल आहे. तिथून अलास्काला जाणाऱ्या मासेमारी बोटी बाहेर पडतात. आपल्याला ऑफिस, तसं त्यांना ते पाणी.

खरा उपयोगाचा नियम त्यानंच सांगितला. सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६ या वेळात हा पूल लहान होड्यांसाठी उघडत नाही. १,००० टन किंवा त्याहून मोठ्या जहाजांना तेवढी सूट. म्हणजे सहाच्या आधी आलेल्या होड्या सहा वाजायची वाट पाहत थांबलेल्या असतात. मी नेमकी त्याच मुहूर्तावर निघाले होते! शनिवार-रविवारी आणि सरकारी सुट्टीला ही बंदीही नसते.

मग मी साहेबांशी बोलून सकाळी अर्धा तास लवकर जाऊ लागले आणि साडेपाचला निघू लागले. कानही तयार झाला. एक लांब, एक आखूड भोंगा म्हणजे होडी पूल उघडायला सांगतेय. पुलानं तसंच उत्तर दिलं की उघडणार. पाच आखूड भोंगे म्हणजे आत्ता जमत नाही. पूल उघडा असतो चार-पाच मिनिटंच. वेळ खाते ती मागची रांग. शेजारच्या उंच ऑरोरा पुलावरून जायचं तर ते आधीच ठरवायचं. रांगेत अडकल्यावर गाडी वळवण्यात काही राम नाही. आणि घंटा वाजल्यावर वेग वाढवून निसटायचं तर मुळीच नाही.

तरी मीटिंग लांबायची आणि सहा वाजायचेच. त्यावर तोडगा सापडला तो माणसांत. पाळणाघरातल्या आणखी एका मुलाची आई माझ्यासारखीच पूल ओलांडून यायची. आम्ही ठरवलं, जी आधी पलीकडे पोचेल तिनं दोन्ही मुलांना घ्यायचं. पाळणाघरात तसं लेखी देऊन ठेवलं.

त्यानंतर एका संध्याकाळी सव्वासहाला पूल पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला. मी इंजिन बंद केलं, तिला फोन लावला. ‘दोघं केळी खातायत, सावकाश ये,’ ती म्हणाली. समोरून एक शिडाची होडी निघाली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी ती पार दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.