घरच्या वायफायवरून स्वतःची वेबसाइट चालवता येते का? येते, पण आधी हे समजून घ्या

जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत एक काळा कम्प्युटर होता. त्यावर लाल शाईनं लिहिलेलं एक लेबल चिकटवलेलं होतं. अर्थ असा, की हे मशीन सर्व्हर आहे, ते बंद करू नका. टिम बर्नर्स-ली यांचा तो कम्प्युटर आणि जगातली पहिली वेबसाइट त्याच्यावरच चालायची. अगदी सुरुवातीच्या दिवसांत कुणी चुकून त्याचं बटण दाबलं असतं, तर तेव्हाचं अख्खं वर्ल्ड वाइड वेब बंद पडलं असतं.

हा किस्सा सांगायचं कारण म्हणजे, वेबसाइट कुठल्यातरी ‘क्लाउड’मध्ये तरंगत असते असं आपल्याला वाटतं. तसं काही नसतं. वेबसाइट म्हणजे कुणाच्यातरी सतत चालू असलेल्या कम्प्युटरवरच्या फाइल्स. मग तो कम्प्युटर आपल्या घरातला का नसावा?

पण हा उद्योग करायचाच कशाला?

३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. २९ जून २०२० ला भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि गावागावांतल्या पोरापोरींनी जमवलेले फॉलोअर्स एका रात्रीत गेले. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. मुद्दा असा, की सोशल मीडियावरचं आपलं अकाउंट म्हणजे भाड्याची खोली आहे. मालक कधीही कुलूप बदलू शकतो.

स्वतःची वेबसाइट असली की लिहिलेलं, काढलेले फोटो, आजीच्या पाककृती, गावाचा इतिहास, सगळं आपल्या ताब्यात राहतं. आणि तो सर्व्हर घरातच असेल, तर हार्डडिस्कसुद्धा आपल्याच कपाटात.

सामान काय लागतं?

फार काही नाही. धूळ खात पडलेला जुना लॅपटॉप चालतो. किंवा रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या कॅटएवढा कम्प्युटर मिळतो, तोही चालतो. त्यावर लिनक्स टाकायचं आणि ‘एन्जिनएक्स’ किंवा ‘कॅडी’सारखं वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवायचं. दोन्ही फुकट आहेत. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ दिसावं म्हणून लागणारं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ फुकट देतं. पैसे जातात ते डोमेनला, म्हणजे वेबसाइटच्या नावाला. ते दरवर्षी रिन्यू करावं लागतं.

विजेचं काय? छोटा कम्प्युटर ५ वॉट घेतो असं धरा. दिवसाचे २४ तास, महिन्याचे ३० दिवस, हिशोब ३.६ युनिटचा होतो. जुना लॅपटॉप २० वॉट घेत असेल तर साधारण साडेचौदा युनिट.

खरी अडचण दाराशी आहे

इंटरनेटवर प्रत्येक कनेक्शनला एक आयपी पत्ता असतो. आता तुमचं घर म्हणजे एक सोसायटी समजा आणि राउटर म्हणजे गेटवरचा वॉचमन. घरातले मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप हे फ्लॅट. त्यांना १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते असतात, पण ते फक्त सोसायटीच्या आत चालतात. बाहेरच्या जगाला एकच पत्ता दिसतो, गेटचा.

तुम्ही इन्स्टाग्राम उघडता तेव्हा आतला माणूस बाहेर जाऊन निरोप घेऊन परत येतो. वॉचमन त्याला ओळखतो. पण तुमची वेबसाइट बघायला येणारा माणूस अनोळखी असतो, त्याला वॉचमन हाकलून देतो. म्हणून त्याला सांगून ठेवावं लागतं, की ८० आणि ४४३ नंबरच्या दारावर कुणी आलं तर थेट अमुक फ्लॅटला पाठव. याला ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये ते पाच मिनिटांचं काम आहे.

आणखी एक. घरगुती कनेक्शनचा पत्ता अधूनमधून बदलतो. त्यावर ‘डायनॅमिक डीएनएस’ हा उपाय आहे. घरातला एक छोटा प्रोग्राम लक्ष ठेवतो आणि पत्ता बदलला की डोमेनच्या नोंदीत नवा पत्ता भरतो.

सगळं केलं, तरी साइट उघडत नाही

भारतात बहुतेकांची गाडी इथे अडते. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही-४ चे पत्ते जगात एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. माणसंच त्याहून जास्त! जागतिक पातळीवरचा मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. मग इंटरनेट कंपन्यांनी शक्कल लढवली आणि अनेक घरांना मिळून एकच पत्ता दिला. या पद्धतीला ‘सीजीनॅट’ म्हणतात.

म्हणजे तुमच्या सोसायटीच्या बाहेर आणखी एक मोठं गेट आहे. तिथला वॉचमन कंपनीचा, आणि तो तुमचं ऐकत नाही.

हे ओळखायचं कसं? राउटरच्या सेटिंगमध्ये ‘वॅन आयपी’ बघा. मग गूगलवर ‘व्हॉट इज माय आयपी’ शोधून आलेला पत्ता बघा. दोन्ही वेगळे असतील किंवा राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात.

यातून बाहेर पडायचे तीन रस्ते आहेत. पहिला, कंपनीकडे ‘स्टॅटिक आयपी’ मागणं. त्याचे सहसा जादा पैसे लागतात. दुसरा, आयपीव्ही-६. यात पत्त्यांचा तुटवडा नाही, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता मिळू शकतो आणि याच्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांमध्ये आहे. अडचण एवढीच, की ज्या वाचकाच्या कनेक्शनवर आयपीव्ही-६ नाही त्याला साइट दिसणार नाही. तिसरा, ‘टनेल’. तुमचा सर्व्हर स्वतःहून बाहेरच्या एका मोठ्या सर्व्हरशी जोडलेला राहतो आणि पाहुणे तिथून आत येतात. क्लाउडफ्लेअर ही सोय फुकट देतं. पण मग मध्ये पुन्हा एक कंपनी आली, हे लक्षात ठेवा.

राउटरला हात लावण्याआधी प्लॅनच्या अटीही वाचा. घरगुती कनेक्शनवर सर्व्हर चालवू नये, असं काही कंपन्या लिहून ठेवतात.

स्पीड पुरेल का?

इथे डाउनलोड नाही, अपलोड स्पीड बघायचा. समजा अपलोड १० एमबीपीएस आहे, म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी. तुमचं पान २ एमबीचं असेल तर एका माणसाला ते दीड-दोन सेकंदांत मिळतं. एकाच वेळी दहा जण आले तर सोळा सेकंद. पोस्ट व्हायरल झाली की साइट आडवी! म्हणून पानं हलकी ठेवा, फोटो लहान करा आणि व्हिडिओ दुसरीकडे ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं, सुरक्षा

‘माझ्या छोट्या साइटकडे कोण बघतंय?’ असं म्हणू नका. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्येच दाखवून दिलं होतं, की एका कम्प्युटरवरून आयपीव्ही-४ चा सगळा पत्ता-पसारा पाऊण तासाच्या आत तपासता येतो. म्हणजे तुमचं दार उघडलं की ठोठावणारे बॉट येणारच. २०१६ मध्ये ‘मिराई’नं कंपनीचा मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर बळकावले आणि त्यांच्याच जोरावर मोठमोठ्या साइट्स ठप्प केल्या.

त्यामुळे लागतील तेवढीच दारं उघडा. सॉफ्टवेअर अपडेट ठेवा. राउटरचा पासवर्ड बदला. सर्व्हर शक्यतो घरच्या बाकी यंत्रांपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवा.

आयपी पत्त्यावरून तुमचा फ्लॅट नंबर कळत नाही, पण साधारण शहर आणि इंटरनेट कंपनी कळते. शिवाय राग धरलेल्या एखाद्यानं त्या पत्त्यावर खोट्या ट्रॅफिकचा मारा केला, तर साइटसोबत घरचं इंटरनेटही बसतं. ताईचं वर्क फ्रॉम होम, भावाचा ऑनलाइन क्लास, सगळंच. तुम्ही वादग्रस्त विषयांवर लिहीत असाल, ट्रोलिंग सोसत असाल, तर थेट घरच्या पत्त्यावरून साइट चालवू नका.

लाइट गेली तर?

तर साइट जाईल. राउटर आणि छोटा कम्प्युटर इन्व्हर्टरवर टाकला तर काही तास निघतात. पण बार्सिलोनातल्या ‘लो-टेक मॅगझिन’नं २०१८ मध्ये याच अडचणीला वेबसाइटची ओळख बनवलं. त्यांची एक साइट घरातल्या छोट्या सर्व्हरवर, सौरऊर्जेवर चालते. बॅटरी किती उरली ते पानावरच दिसतं. आभाळ बरेच दिवस भरलेलं राहिलं, तर साइट बंद पडू शकते आणि ऊन पडलं की परत येते. वाचकांना हे आधीच सांगितलेलं आहे.

मग करायचं की नाही?

दुकानाच्या ऑर्डर, क्लासची फी, लोकांची खासगी माहिती अशा गोष्टी साइटवर असतील तर नको. तिथे भाड्याचं होस्टिंगच बरं. पण कविता, प्रवासाचे फोटो, घरच्यांसाठीचा अल्बम, यांसाठी जरूर करून बघा. दोन-चार तास साइट बंद राहिली तरी कुणाचं अडत नाही, आणि इंटरनेट कसं चालतं ते हातानं करून जेवढं कळतं तेवढं व्हिडिओ बघून कळत नाही.

फक्त फाइल्सची एक कॉपी घराबाहेर ठेवा, कारण हार्डडिस्क सांगून जात नाही. आणि सर्व्हरच्या स्विचवर लेबल लावायला विसरू नका. सर्नमध्ये तर सगळे शास्त्रज्ञच होते, तरी त्यांना ते लावावं लागलं. आपल्याकडे रात्री झोपताना सगळी बटणं बंद करणारी आई असते!