सेवेतून सिद्ध झालेले नेतृत्व

धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यात वसलेल्या तेरखेड्याचे नाव दिवाळीच्या सुमारास फटाक्यांच्या कारखान्यांमुळे सर्वतोमुखी होते. परंतु निजामी अमदानीत हे गाव ज्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात मोडत असे, त्याच जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यात 1921 साली निघालेल्या राष्ट्रीय शाळेने मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनाला जे वळण दिले, त्याची आठवण या भागातील माणसांनी अगत्याने जपली पाहिजे.

या शाळेत 1929 साली मुख्याध्यापक म्हणून आलेले व्यंकटेश खेडगीकर हे त्यापूर्वी कामगारनेते ना. म. जोशी यांचे चिटणीस होते. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद असल्यामुळे देशाच्या राजकारणाचे अंतरंग जवळून पाहण्याची संधी खेडगीकरांना लाभली होती. ती सोडून त्यांनी आडवळणाच्या खेड्यातील मुले शिकविण्याचे काम पत्करले. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले, तरी भगव्या वस्त्रांनिशी त्यांनी संसाराऐवजी समाजाचीच जबाबदारी अंगावर घेतली.

शिक्षकाच्या या कामाचे मोल कळण्यासाठी त्या काळची राजवट ध्यानात घ्यावी लागते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि ‘गश्ती निशाण 53’ या फर्मानामुळे सरकारी परवानगीवाचून सभा भरविता येत नसे. जेथे चार माणसांनी एकत्र जमून बोलणे हाही गुन्हा ठरू शके, तेथे मातृभाषेतून शिकविणाऱ्या शाळेची खोली हेच लोकजागृतीचे पहिले व्यासपीठ ठरले. 1935 च्या सुमारास स्वामीजी मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, गेले आणि बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह त्यांनी तेथील योगेश्वरी विद्यालयाच्या कार्यास वाहून घेतले.

त्यांच्या नेतृत्वाची खरी कसोटी 1947 साली लागली. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष या नात्याने 15 ऑगस्टला हैदराबादेत तिरंगा फडकविल्यानंतर त्यांना अटक झाली, आणि निजामी राजवटीविरुद्धचा लढा ऐन भरात असताना सेनापतीच तुरुंगात गेला. तरीही दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने सरहद्दीवरील शिबिरांतून आंदोलन चालू ठेवले. सारी सूत्रे एकाच मुठीत आवळून ठेवणाऱ्या पुढाऱ्याच्या पश्चात असे घडत नाही. सहकाऱ्यांवर विश्वास टाकून, जबाबदारी वाटून देण्याची सवय ज्याने आधीच लावलेली असते, त्याच्याच गैरहजेरीत काम तग धरते.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले. स्वामीजी पुढे दोनदा लोकसभेत गेले, पण मंत्रिपद त्यांनी घेतले नाही. भाषावार प्रांतरचनेसाठी हैदराबाद राज्याचे विभाजन व्हावे हा आग्रह मात्र सोडला नाही, आणि 1956 साली तो सफल झाला. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे सहकारी मराठवाड्याच्या विकासासाठी आयुष्यभर झटत राहिले. स्वामीजींना गुरुस्थानी मानणारे पी. व्ही. नरसिंह राव 1991 साली देशाचे पंतप्रधान झाले.

आज गावोगावच्या पंचायतींत, सोसायट्यांत आणि शिक्षणसंस्थांत अधिकाराच्या जागांवर बसलेल्यांनी या चरित्रातून एवढे जरी घेतले, की आपल्या जागी उभी राहतील अशी माणसे घडविणे हे निवृत्तीच्या वेळचे काम नसून पद स्वीकारल्या दिवसापासूनचे कर्तव्य आहे, तरी मराठवाड्याच्या पदरात पुष्कळ पडेल.