हात थरथरण्याच्या आधीची वर्षं

कंपवाताचा रुग्ण पहिल्यांदा डॉक्टरांसमोर बसतो, तेव्हा आजार सुरू होऊन बरीच वर्षं उलटलेली असतात. मेंदूच्या बुडाशी काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. शरीराच्या हालचाली सुरळीत ठेवणारं डोपामाइन या पेशी बनवतात. हात थरथरू लागेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. आज मिळणारी औषधं उरलेल्या पेशींच्या आधारावर माणसाला चालतं-बोलतं ठेवतात, पण पेशींचं मरणं थांबवणारं औषध अजून मिळालेलं नाही.

मी साताऱ्यात फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवते. माहेर सांगली जिल्ह्यातलं, तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागायतदारांचं. माझ्या थोरल्या चुलत्यांना, अण्णांना, कंपवात झाल्याचं कळलं, तेव्हा काकू एकेक मागचं आठवून सांगू लागली. बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी दिली की सगळ्यांना ठसका लागायचा, पण अण्णांना वासच यायचा नाही. रात्री झोपेत ते ओरडायचे, हात-पाय झाडायचे. पोट साफ होत नाही म्हणून रोज चूर्ण चालायचं. यातलं एकेक लक्षण घरोघरी असतं, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. कंपवाताच्या पुष्कळ रुग्णांत हीच तीन लक्षणं थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी येतात, हे आता पक्कं ठाऊक झालं आहे.

पण अण्णांच्या शरीरात पहिली पेशी कधी बिघडली, ते कुणालाच सांगता येणार नाही. माणसात आपण हा आजार कायम मागे वळून पाहतो. प्रयोगशाळेतल्या उंदरात मात्र पहिल्या दिवसाची तारीख वहीत लिहिलेली असते. तिथून पुढे आठवड्या-आठवड्याला काय बदललं हे पाहता येतं. कंपवाताची सुरुवात समजून घ्यायला प्राणी लागतात ते यासाठी.

या अभ्यासाचं एक मूळ आपल्याच मातीत आहे. सर्पगंधेच्या मुळांनी रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं आणि जगाचं लक्ष या वनस्पतीकडे गेलं. पुढे तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी रिसर्पिन देऊन निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचलं आणि ससे थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. शरीरात एल-डोपाचं डोपामाइन होतं, म्हणून हे घडलं. कंपवातावरचं आजचं मुख्य औषध या वाटेनं आलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

पदव्युत्तर शिक्षण घेताना रिसर्पिन दिलेला रॅट मी स्वतः हाताळला आहे. पाठीला कुबड येतं, पापण्या मिटू लागतात. त्याचे पुढचे दोन्ही पाय एका आडव्या दांडीवर ठेवायचे आणि स्टॉपवॉच सुरू करायचं. धडधाकट रॅट लगेच पाय खाली घेतो. हा तसाच अवघडलेला उभा राहतो, कारण त्याला हालचाल सुरूच करता येत नाही. एल-डोपा दिल्यावर तो सावकाश पाय काढून घेतो आणि पिंजऱ्यात हुंगत फिरू लागतो. खुर्चीतून उठताना अडखळणारे अण्णा मला त्यामुळे नीट समजले. मात्र रिसर्पिन डोपामाइनचा फक्त साठा रिकामा करतं, त्यानं पेशी मरत नाहीत. ती नक्कल हालचालीपुरती असते. आजाराची सुरुवात तिच्यात दिसत नाही.

सुरुवात पाहण्यासाठी संथ विष हवं होतं. २००० साली अमेरिकेत टिमथी ग्रीनमायर यांच्या गटानं रॅटना रोटेनोन हे कीटकनाशक थोडं-थोडं, कित्येक दिवस दिलं. काही रॅटमध्ये नेमक्या डोपामाइनच्या पेशी मेल्या आणि कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत सापडतात तशा प्रथिनाच्या गुठळ्या दिसल्या. या प्रथिनाचं नाव अल्फा-सिन्युक्लिन. २०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी या बिघडलेल्या प्रथिनाचे धागे उंदरांच्या जठराच्या आणि लहान आतड्याच्या भिंतीत टोचले. पुढच्या महिन्यांत बिघाड पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूवाटे वर चढत गेला. ज्या उंदरांचा हा मज्जातंतू आधीच कापला होता, त्यांच्या मेंदूपर्यंत तो पोचला नाही. सगळ्याच रुग्णांत सुरुवात पोटातून होते असं यावरून म्हणता येत नाही. पण बद्धकोष्ठ आधी आणि थरथर नंतर का, याचं एक उत्तर यात मिळतं.

ही लक्षणं उंदरात तपासण्याच्या रीती साध्या असतात. भुकेल्या उंदराच्या पिंजऱ्यातल्या भुशाखाली खाऊचा तुकडा पुरायचा आणि तो हुंगून काढायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पोटासाठी उंदराला स्वच्छ डब्यात तासभर ठेवायचं आणि लेंड्या मोजायच्या. चालण्या-पळण्यात काही फरक नसतानाही हे आकडे बदलू शकतात.

तरीही उंदरावर जमलेलं औषध माणसावर जमेलच असं नाही. इस्राडिपिन या रक्तदाबाच्या औषधानं उंदरांच्या पेशी विषापासून वाचवल्या होत्या. सुरुवातीच्या अवस्थेतल्या ३३६ रुग्णांवर तीन वर्षं चाललेल्या चाचणीत मात्र त्याचा फायदा दिसला नाही. निकाल २०२० मध्ये आला. उंदरांना औषध विषाच्या आधी मिळालं होतं, रुग्णांना मिळेपर्यंत निम्मं नुकसान होऊन गेलेलं होतं. उंदराला हा आजार आपणहून होत नाही आणि त्याचं आयुष्य दोनेक वर्षांचं, हाही फरक आहेच. म्हणून ‘उंदरांवर यशस्वी’ अशी बातमी वाचली की औषध आजाराच्या आधी दिलं की नंतर, हे आधी पाहावं.

या प्राण्यांचं ऋण मी मानते. १९६० च्या कायद्याखाली नेमलेली केंद्रीय समिती आणि प्रत्येक संस्थेतली नीतिसमिती यांच्या परवानगीशिवाय असा प्रयोग करता येत नाही. पदवीच्या वर्गात ही प्रात्यक्षिकं आता संगणकावर होतात. जिथं माशी किंवा पेशीसंवर्धन पुरेसं आहे, तिथं उंदीर वापरू नये, हे मी मुलांना बजावते.

आता आपल्या भागातल्या लोकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पाटण-जावळीच्या रानात, बांधावर खाजकुयली उगवते. तिच्या बियांत खरोखरच एल-डोपा असतं. मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये रुग्णांवरचा तिचा अनुभव प्रसिद्ध केला आहे. पण प्रत्येक बीत त्याचं प्रमाण सारखं नसतं आणि चालू गोळ्यांत त्याची भर पडली तर त्रास होतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते चूर्ण घेऊ नका.

दुसरी गोष्ट फवारणीची. अमेरिकेतल्या शेतकरी आणि फवारणी करणाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात रोटेनोन किंवा पॅराक्वाट हे तणनाशक वापरणाऱ्यांत कंपवाताचं प्रमाण सुमारे अडीचपट आढळलं. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे. आपल्याकडे ते मिळतं. अण्णांचा आजार फवारणीमुळेच झाला असं मी म्हणणार नाही, एका माणसावरून ते ठरत नाही. पण हातमोजे, मास्क आणि अंगभर कपडे घातल्याशिवाय पंपाला हात लावू नये, एवढं सांगण्यापुरता पुरावा या उंदरांनी आणि त्या शेतकऱ्यांनी दिला आहे. आणि घरात कुणाला वास येईनासा झाला, झोपेत हातपाय झाडणं आणि बद्धकोष्ठही सोबत असेल, तर घाबरून न जाता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. उद्या पेशी वाचवणारं औषध आलंच, तर ते थरथरीच्या आधी ओळखलेल्या माणसालाच सर्वांत जास्त उपयोगी पडेल.