यकृतविद्रधी : एका व्याधीचे स्थित्यंतर

यकृतात पू झाल्याचे कानावर आले की आपल्या प्रांतातील बहुतेकांचे लक्ष प्रथम आमांशाकडे वळते, आणि ते वावगेही नाही. कारण आमांशाच्या अमीबामुळे होणारा विद्रधी हा हिंदुस्थानचा जुना रहिवासी असून, त्याच्यावर एमेटिनची सुई १९१२ साली लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यास रूढ केली आणि पुढे मेट्रोनिडाझोलने त्याची उरलीसुरली दहशतही पुष्कळशी मोडली. या प्रसिद्धीचा एक तोटा मात्र झाला. जिवाणूंमुळे होणारा दुसरा विद्रधी, जो लक्षणांनी पहिल्याचा सख्खा भाऊ शोभावा इतका सारखा, पण कुळाने सर्वस्वी निराळा आहे, तो कायम उपेक्षित राहिला. आणि मेट्रोनिडाझोल ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला या जिवाणूंना स्पर्शही करीत नसल्यामुळे, केवळ त्याच औषधाच्या भरवशावर राहिलेल्या रुग्णाला ही उपेक्षा महागात पडू शकते.

व्याधी म्हणून यकृतविद्रधीची ओळख पुरातन आहे. सुश्रुताने अंतर्विद्रधींची स्थाने सांगताना यकृताची गणना केली आहे. तर हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रसंग्रहात, यकृतातून शुभ्र आणि निर्भेळ पू आला तर रुग्ण वाचतो, तेलाच्या गाळासारखा आला तर वाचत नाही, अशा आशयाचे निरीक्षण नोंदलेले आहे. पुवाच्या रंगावरून भवितव्य सांगण्यापलीकडे, तो पू आला कोठून, हा प्रश्न मात्र पुढे कित्येक शतके अनुत्तरितच राहिला.

त्याचे उत्तर यकृताच्या रचनेत आहे. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेन या मोठ्या नीलेवाटे आतड्यांकडून येते, म्हणजे अन्नरसाबरोबर जिवाणूही त्याच वाटेने येतात. आणि जकातीच्या नाक्यावर मालाची झडती घ्यावी तसे यकृतातील कुप्फर पेशी त्यांना अडवून नष्ट करतात. आवक बेसुमार वाढली, पित्तमार्ग खड्याने किंवा अर्बुदाने तुंबला, अथवा मधुमेहाने पहारा ढिला पडला, की हा बंदोबस्त मोडतो आणि पू साठू लागतो. उजव्या खंडात रक्ताचा ओघ अधिक, म्हणून विद्रधीही बहुधा तेथेच आढळतो. थंडी वाजून येणारा ताप, उजव्या बरगडीखालची वेदना, क्वचित ती वेदना उजव्या खांद्यापर्यंत जाणे, अन्नावरची वासना उडणे आणि दिवसेंदिवस खंगत जाणे, ही त्याची लक्षणे. परंतु वृद्धांत कित्येकदा नुसता ताप आणि थकवा एवढेच दिसते, व निदानास विलंब होतो.

आधुनिक इतिहासाचा पहिला मोठा दस्तऐवज १९३८ सालचा आहे. त्या वर्षी न्यू ऑर्लिन्सचे ऑक्सनर, डिबेकी आणि मरे यांनी आपल्या रुग्णांचा व तत्पूर्वीच्या वाङ्मयाचा जो विस्तृत आढावा प्रसिद्ध केला, त्यात रुग्ण बहुधा तरुण होते आणि अपेंडिक्सचा दाह हे प्रमुख कारण होते: त्या दाहातून पोर्टल व्हेनमध्ये पू शिरे आणि तेथून यकृतात पसरे. पू बाहेर काढला नाही तर मृत्यू जवळजवळ अटळ, आणि काढताना तो पोटाच्या पोकळीत सांडला तरीही धोका तितकाच, अशा कात्रीत सापडलेल्या त्या काळच्या शल्यविशारदांनी, उदरावरण न उघडता बाहेरूनच विद्रधीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग पुरस्कारिला. प्रतिजैविके हाताशी नसलेल्या त्या दिवसांत त्याहून शहाणपणाची तजवीज नव्हती.

प्रतिजैविके आली आणि शस्त्राचा अंमल ओसरू लागला. १९५३ साली हाँगकाँगच्या मॅकफॅडझीन, चँग आणि वाँग यांनी एकल विद्रधीतील पू सुईने ओढून घेऊन व प्रतिजैविके देऊन रुग्ण बरे करता येतात असे दाखवून दिले. तरी आत डोळ्यांनी पाहता येत नसल्यामुळे ही रीत सर्वमान्य होण्यास सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन येईपर्यंत वाट पाहावी लागली. आज हे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. रुग्ण जागाच असतो. बरगड्यांमधली जागा बधिर केली जाते. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई एका चकचकीत रेघेसारखी पुढे सरकत काळसर पोकळीत उतरते आणि सिरिंजमध्ये पू येऊ लागतो. तो तपकिरी आणि बिनवासाचा असेल तर संशय अमीबावर. पिवळा-हिरवट आणि दुर्गंधीयुक्त असेल तर जिवाणूंवर, आणि त्यातही हवेवाचून जगणाऱ्यांवर. त्याचा नमुना कल्चरसाठी रवाना होतो आणि पोकळी मोठी असल्यास टोकाशी वळलेली पिगटेल नळी काही दिवस आतच ठेवतात. प्रतिजैविके सामान्यतः चार ते सहा आठवडे चालतात.

उपचार असे सौम्य होत असताना व्याधीनेही आपली वस्ती बदलली. अपेंडिक्सवर वेळीच शस्त्रक्रिया होऊ लागल्यामुळे तरुण रुग्ण घटले आणि त्यांच्या जागी पित्तमार्गाचे विकार, मधुमेह किंवा कर्करोग असलेले प्रौढ व वृद्ध आले. १९८० नंतरच्या दशकात तैवानच्या वैद्यांनी आणखी एक निराळे प्रकरण जगापुढे मांडले. पित्तमार्गात काहीही बिघाड नसताना, विशेषतः मधुमेही माणसांत, क्लेब्सिएला न्यूमोनिई हा जिवाणू यकृतात विद्रधी करी आणि तेथून रक्तावाटे डोळ्यात शिरून दृष्टी हिरावून नेई किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचे. या जातीची वसाहत प्रयोगशाळेतील तारेच्या वेढ्याने उचलली तर चिकट तंतू पाच मिलिमीटरहून अधिक ताणला जातो. जिवाणूभोवतीचे जाड कवच त्याला रक्तातील भक्षक पेशींपासून राखते.

या साऱ्या स्थित्यंतरातून एकच निष्कर्ष निघतो: यकृतातील पू हा बहुधा अन्यत्र घडलेल्या बिघाडाचा पुरावा असतो. पोकळी रिकामी झाली आणि ताप उतरला की रुग्ण व नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात, ते स्वाभाविक आहे; पण रक्तातील साखर तपासली नाही, पित्तमार्ग पाहिला नाही, आणि कारण सापडत नसताना प्रौढ रुग्णाचे मोठे आतडे दुर्बिणीने तपासले नाही, तर तेथे लपलेला कर्करोग निसटू शकतो. मधुमेह घरोघरी पोहोचलेल्या आपल्या महाराष्ट्रात तरी पू काढणे हे अर्धेच काम समजावे. त्याचे उगमस्थान हुडकल्यावरच प्रकरण दप्तरी दाखल करावे.