माळव्याच्या पायथ्याचा समुद्र

धारहून मांडवगडाकडे जाणाऱ्या वाटेवरचे नालछा माळव्यातील मराठी माणसाला परके नाही. पवारांच्या धार संस्थानाशी ज्यांच्या घराण्यांचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध आला, त्यांच्या बोलण्यात हे नाव सहज येते. १८२० साली सर जॉन माल्कम यांनी येथील एक जुना वाडा दुरुस्त करून घेतला व उन्हाळ्यातील निवासासाठी वापरला. त्यांचा मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. शिंदे, होळकर, पवार यांच्या कारभाराच्या माहितीसाठी आपल्याकडील अभ्यासक तो आजही चाळतात. परंतु त्याच ग्रंथाला कॅप्टन डेंजरफिल्ड यांनी लिहिलेले माळव्याच्या भूरचनेवरील एक परिशिष्ट जोडलेले आहे. तिकडे सहसा कोणी वळत नाही. बाघ परिसरातील चुनखडक व वालुकाश्म यांची पहिली नोंद करण्याचा मान याच डेंजरफिल्डकडे जातो. या खडकांनीच पुढे एका लोपलेल्या समुद्राची वार्ता सांगितली. त्या समुद्राचा व त्यातील शंखशिंपल्यांचा परिचय वाचकांना करून द्यावा, हा आमचा आजचा हेतू आहे.

नालछ्याच्या भूमीत मात्र शिंपला शोधून सापडणार नाही. तेथे आहे तो काळा पाषाण, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या ज्वालामुखी लाव्ह्याचा बेसाल्ट. मांडवगडाच्या दक्षिण कड्यावर रूपमतीच्या मंडपाशी उभे राहिले की खाली निमाडचे मैदान व दूरवर नर्मदेची रुपेरी रेघ दिसते. पश्चिमेकडे मनावर, जिराबाद, बाघ या भागात नद्यांनी व काळाने तो काळा पाषाण झिजवून टाकला आहे आणि त्याखालचे अधिक जुने खडक उघडे पडले आहेत. बाघची प्रसिद्ध लेणी ज्या वालुकाश्मात कोरली आहेत तो 'निमाड वालुकाश्म' याच खडकांपैकी होय. त्याच्यावर गाठीगाठींचा चुनखडक आणि त्याहूनही वर पोवळ्यासारखा दिसणारा लालसर-पिवळा चुनखडक, असा क्रम लागतो. या थरांत कालवांचे शिंपे आहेत, मळसूत्री शंख आहेत, समुद्री साळिंदरे आहेत आणि वेटोळे घातलेले अमोनाइटही आहेत. खंबायतचे आखात आज येथून दोनएकशे किलोमीटर दूर आहे. मग हे जलचर येथे आले कोठून?

उत्तर असे की समुद्रच येथवर आला होता. सुमारे नऊ ते दहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी आजच्याहून उष्ण होती, सागराची पातळी उंच होती आणि भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. त्या काळी पश्चिमेकडून समुद्राची एक चिंचोळी भुजा नर्मदेच्या खचलेल्या पट्ट्यातून आत शिरली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कीटिंग या लष्करी अधिकाऱ्याने येथील जीवाश्म गोळा केले. १८६९ साली विल्यम ब्लॅनफर्ड यांनी, आणि १८८४ साली प्रमथनाथ बोस यांनी या भागाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. हे बोस म्हणजे ज्यांनी पुढे मयूरभंजमधील लोहखनिजाची वार्ता जमशेटजी टाटांना कळविली तेच. निमाडच्या उन्हातान्हात हिंडून त्यांनी या थरांची जी मांडणी केली, तिचाच आधार नंतरच्या संशोधकांनी घेतला.

मिठाच्या पाण्यातील संसार

हे दगडी शिंपे काय सांगतात हे कळण्यासाठी आधी जिवंत शिंपल्यांचा संसार समजून घेतला पाहिजे. ज्यांचे अंग मऊ, बिनहाडाचे असते अशा या प्राण्यांना शास्त्रात मृदुकाय म्हणतात. शंख, गोगलगाय, कालव, तिसऱ्या, खुबे, माकूल ही सारी त्यांचीच भावंडे. ज्यांचे पूर्वज कोकणातून इकडे आले त्यांच्या घरी तिसऱ्यांच्या एकशिपीचे नाव कदाचित अजून निघत असेल. ओहोटी लागली की खाडीच्या चिखलात उतरून बायका शिंपल्या वेचतात, हे दृश्य कोकणात आजही पाहावयास मिळते.

समुद्रापासून वाळूच्या दांड्याने अलग झालेल्या, पण एखाद्या मुखातून त्याच्याशी जोडलेल्या उथळ जलाशयाला खारकच्छ म्हणतात. ओरिसातील चिल्का हे आपल्या देशातील त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. आपल्या कोकणातील खाड्यांचे पाणीही पुष्कळसे त्याच जातीचे. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी येते, उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी आत चढते आणि एकाच जागचे पाणी वर्षातून दोनदा आपली चव बदलते. बहुतेक सागरी जीवांना हे सोसत नाही. ज्यांना सोसते त्यांना मात्र प्रतिस्पर्धी थोडे व अन्न मुबलक, अशी स्थिती लाभते. म्हणून खारकच्छाचा एक नियम सांगता येतो: जाती थोड्या, पण त्यांची संख्या अफाट. याउलट मोकळ्या समुद्राच्या उथळ काठाला पाण्याचा खारेपणा स्थिर असल्याने तेथे नाना जातींचा मेळा भरतो.

कालवाचे जीवन या दृष्टीने मोठे पाहण्याजोगे आहे. जन्मल्यावर काही दिवस त्याचे पिल्लू पाण्यात तरंगत असते. पुढे ते एखाद्या कठीण वस्तूला जे चिकटते ते कायमचेच. मऊ चिखलाच्या प्रदेशात कठीण वस्तू कोठून मिळणार? ती बहुधा आधीच्या पिढीच्या मेलेल्या कालवाची शिंप असते. पूर्वजांच्या घराच्या भिंतीवर नातवंडांनी घर बांधावे, तसा हा प्रकार. पिढ्यांवर पिढ्या रचल्या जाऊन कालवांचे बांध तयार होतात. त्यांच्या फटींत खेकडे, कोळंबी व माशांची पिल्ले आसरा घेतात. शिवाय कालव आपले अन्न पाणी गाळून मिळविते. मोठे कालव अनुकूल स्थितीत तासाला काही लिटर पाणी आपल्या कल्ल्यांतून गाळते. गढूळ पाणी निवळते, तळापर्यंत प्रकाश पोचतो, आणि तेथे पाणगवत वाढू शकते. चिखलावरचे मळसूत्री शंख शेवाळ व कुजका पाला खाऊन सफाई करतात. काही मांसाहारी शंख मात्र शेजाऱ्याच्याच शिंपेला वाटोळे भोक पाडून आतला जीव खातात.

शिंपल्यांची साक्ष

आता पुन्हा बाघच्या खडकांकडे वळू. निमाड वालुकाश्माच्या खालच्या भागात नद्यांनी वाहून आणलेली वाळू आहे. वरच्या थरांत नदीमुखाच्या व भरती-ओहोटीच्या खुणा संशोधकांना आढळल्या आहेत, आणि तेथेच चुनखडकाच्या सीमेलगत कालवांचे दाट थर लागतात. एकाच कुळीच्या प्राण्यांची अशी गर्दी म्हणजे किनाऱ्याची, बदलत्या पाण्याची खूण. त्याच्यावरच्या गाठीगाठींच्या चुनखडकात अमोनाइट, मोठाले शिंपे, समुद्री साळिंदरे अशा अनेक जाती एकत्र भेटतात. म्हणजे समुद्र आता खुला झाला होता. सर्वांत वरच्या चुनखडकात ब्रायोझोआ नावाच्या सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतींचे तुकडे खच्चून भरलेले आहेत. ते पोवळ्यासारखे दिसतात, म्हणूनच जुन्या लेखकांनी त्या खडकाला प्रवाळी नाव दिले. उथळ, हलत्या पाण्यात हे तुकडे साचले. नंतर समुद्र ओसरला.

ओसरलेल्या समुद्राच्या जागी पुढे डायनोसॉर वावरू लागले. धार जिल्ह्यात त्यांची ९२ घरटी व २५६ अंडी आढळल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात नोंदलेले आहे. मग लाव्हा आला, आणि त्याने सारेच झाकून टाकले. त्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्येही ठिकठिकाणी गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे जीवाश्म मिळतात: दोन उद्रेकांमधील विसाव्यात जेथे तळी साचली, तेथे या चिवट प्राण्यांनी पुन्हा बिऱ्हाड थाटले!

मराठी वाचकाला अमोनाइट अगदीच अनोळखी नाही. देवघरातील शालिग्राम फोडला असता आत जे चक्र दिसते ते पुष्कळदा याच कुळातील प्राण्याचे असते. हिमालयातील ते शालिग्राम बाघच्या अमोनाइटांहून अधिक प्राचीन, जुरासिक काळातील. विष्णूचे चिन्ह म्हणून आपण ज्याची पूजा करतो तो एका मृदुकाय जीवाचा निवारा आहे, या जाणिवेने श्रद्धेला बाध येण्याचे कारण नाही. उलट सृष्टीच्या वयापुढे मस्तक अधिकच नम्र व्हावे.

तोल ढळतो तेव्हा

नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्र आला-गेला, त्यात माणसाचा हात नव्हता. आज मात्र तसे म्हणता येत नाही. केरळातील वेंबनाड जलाशयावर भातशेतीला खाऱ्या पाण्यापासून वाचविण्यासाठी तण्णीरमुक्कम येथे बंधारा बांधला गेला. १९७६ पासून तो कोरड्या ऋतूत बंद ठेवला जाऊ लागला. तेथील काळी शिंपी कमी खाऱ्या पाण्यात राहते खरी, पण तिच्या प्रजननाला थोडे मीठ लागतेच. बंधाऱ्याच्या दक्षिणेस ते मिळेनासे झाले व तेथील शिंप्या घटल्या. भात वाचले, शिंपी वेचणाऱ्यांचे पोट मात्र आवळले. दोघेही गरजू, म्हणूनच असा प्रश्न सोपा नसतो.

पण बिघडलेले सुधारताही येते. चिल्काचे मुख गाळाने बुजत चालले, पाण्यातील खारेपणा उतरला आणि गोड्या पाण्यातील तण पसरले. १९९३ साली संकटग्रस्त पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचे नाव गेले. २००० साली समुद्राकडे नवे मुख खोदल्यावर पाण्याचा तोल पुष्कळसा सावरला, मासळी वाढली आणि २००२ साली ते नाव यादीतून निघाले. केरळातीलच अष्टमुडी जलाशयात शिंपल्यांची अतोनात उपसणी झाली, तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननाच्या काळात ती बंद ठेवण्याचा व लहान शिंपल्या जाळ्यातून निसटाव्यात असे बघण्याचा नियम केला गेला. वेचणाऱ्यांनी तो पाळला. २०१४ साली या शिंपलेमारीला शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतात ते मिळविणारी ती पहिलीच. पोटावर चिमटा काढून तीन महिने थांबणाऱ्या त्या कुटुंबांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

आमच्या माळव्यापुढील प्रश्न जिवंत शिंपल्यांचा नसून त्यांच्या साक्षीचा आहे. बाघजवळ सुमारे ९० हेक्टर क्षेत्र जीवाश्मांसाठी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पण समुद्राचे थर उद्यानाच्या कुंपणात मावणारे नाहीत. ते नदीकाठी, शेतांच्या बांधांवर, रस्त्यांच्या कडेला पसरले आहेत. मनावरच्या परिसरात सिमेंटसाठी चुनखडक काढला जातो. उद्योग हवाच, त्यावर अनेकांची चूल पेटते. तथापि खोदण्यापूर्वी जाणकारांनी थर पाहून, मोजून, नमुने नोंदवून ठेवावेत एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

सामान्य माणसानेही एक पथ्य पाळावे. शिंपल्याची साक्ष त्याच्या एकट्याची नसते, ती त्याच्या शेजाराची असते. तो कोणत्या थरात होता, त्याच्या वर काय होते, खाली काय होते, सोबतीला एकच जात होती की दहा, यांवरूनच तेथे खाडी होती की खुला समुद्र हे ठरते. सहलीची आठवण म्हणून घरी आणलेला जीवाश्म काचेच्या कपाटात शोभतो, पण तो मुका झालेला असतो. सुटीत मुलांना मांडवगड दाखविणाऱ्या कुटुंबांनी एखादा दिवस बाघसाठीही काढावा. लेणी पाहावीत, खडकातले शिंपे मुलांना बोटाने दाखवावेत, छायाचित्र घ्यावे, आणि ते जेथे आहेत तेथेच राहू द्यावेत. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नाही अशा माळव्यातल्या मुलांना आपल्याच जिल्ह्यात तो भेटेल.