सांगणारा एक, लिहिणारा दुसरा

(परमुलखातली माणसं : लेखांक सातवा)

‘दि इंडिपेंडंट’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाने विसाव्या शतकाच्या आरंभी छापलेली आत्मकथने दोन वाटांनी आली. काही सांगणाऱ्यांनी स्वतः लिहून दिली. ज्यांना लिहिणे जमण्यासारखे नव्हते त्यांच्याकडे लेखनिक गेला. त्याने त्यांचे बोलणे ऐकून मजकूर तयार केला, तो वाचून दाखवला आणि संमती घेतली. संपादक हॅमिल्टन होल्ट यांनी १९०६ साली यांतली १६ कथने पुस्तकरूपाने काढली, तेव्हा ही पद्धत त्यांनी पुस्तकाच्या आरंभीच सांगून टाकली. यात लपवाछपवी नव्हती.

याच पुस्तकातल्या सेडी फ्राउनचा आठवड्याच्या खर्चाचा हिशेब वाचून एका वाचकाने विचारले आहे, की शिवणयंत्रावर राबणारी, सतरा वर्षेही पुरी न झालेली पोलंडमधली मुलगी असे सफाईदार इंग्रजी लिहील कशी? आणि तिने लिहिले नसेल, तर त्याला तिची गोष्ट का म्हणायचे? शंका रास्त आहे. ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) ही आत्मकथने वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला जगणारा आणि लिहिणारा एकच असण्याची सवय आहे. या शंकेचे उत्तर दोन ओळींत आटोपणारे नाही, म्हणून या खेपेला कबूल केलेली लेखिका सुई सिन फार पुढच्या लेखांकात.

होल्ट यांना प्रत्येक कथनातून दोन गोष्टी हव्या होत्या. ते एखाद्या धंद्यातल्या सर्वसाधारण कष्टकऱ्याचे प्रातिनिधिक चित्र असावे आणि त्याच वेळी ते एका खऱ्याखुऱ्या माणसाचा अस्सल अनुभव असावे. हे दोन्ही एका जागी नांदणे कठीण असते. प्रातिनिधिक माणूस हवा तर त्याच्या अंगावरचे वेडेवाकडे कोपरे घासावे लागतात, आणि ठोकळेबाज समजुतीला अडखळायला लावतात ते नेमके हेच कोपरे. पुस्तकातल्या प्रकरणांची नावेही प्रातिनिधिकतेकडेच झुकतात. एका लिथुआनियनाची जीवनकथा, एका चिनी माणसाची जीवनकथा, एका इटालियन बूटपॉलिशवाल्याची जीवनकथा. माणसाचे नाव आत शिरल्यावर कळते.

लिथुआनियनाचे प्रकरण वाचकाच्या शंकेला सर्वांत जास्त दुजोरा देते. ‘अंतानास काझ्तौस्किस’ या नावाने ते १९०४ साली छापले गेले. रशियन सैन्यातली सक्तीची भरती चुकवून आलेला खेडवळ तरुण शिकागोच्या कत्तलखान्यांत नोकरीला लागतो, जागोजागी हात ओले करायला शिकतो आणि शेवटी कामगार संघटनेत सामील होऊन सुखाला लागतो, असा त्याचा ओघ. लेखणी होती अर्नेस्ट पूल या तरुण लेखकाची. १९०४ च्या उन्हाळ्यात कत्तलखान्यांतल्या कामगारांचा मोठा संप झाला, त्यात पूल संघटनेच्या बाजूने प्रसिद्धीचे काम करत होता. पुढे १९१८ साली कादंबरीसाठीचे पहिले पुलित्झर पारितोषिक मिळाले ते याच पूलला. काझ्तौस्किस नावाचा एक माणूस होता, की अनेकांच्या हकिकती एकत्र करून पूलने तो उभा केला, हा अभ्यासकांच्या शंकेचा विषय राहिला आहे. कथन वाचताना शंका बळावते, कारण त्यात वाया गेलेले काहीच नाही. मायदेशी असताना गावोगाव फिरणाऱ्या चांभाराने अमेरिकेविषयी जे सांगितले, तेच शेवटी संघटनेच्या रूपाने हाती येते. मांडणी उत्तम, पण खऱ्या आयुष्यात इतकी बरोबर बसणारी बेरीज क्वचितच सापडते.

याच कत्तलखान्यांवर आणि लिथुआनियन नायकावर अप्टन सिंक्लेअरने ‘द जंगल’ ही कादंबरी लिहिली. पुस्तक १९०६ सालचेच. वाचकांना परक्या कामगाराचे हाल दिसावेत हा हेतू होता. वाचकांना दिसले ते आपल्या ताटातले मांस. त्याच वर्षी जूनमध्ये मांस तपासणीचा कायदा झाला. कामगाराच्या पदरात त्या मानाने काहीच पडले नाही.

आता ली च्यू. हा न्यूयॉर्कमधला चिनी व्यापारी, पूर्वीचा लाँड्रीवाला. त्याचे कथन १९०३ च्या फेब्रुवारीत आले. चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा १८८२ चा, तो १८९२ साली वाढवला गेला आणि १९०२ साली त्याची मुदतच काढून टाकली गेली. म्हणजे कायदा कायमचा झाल्यानंतर वर्षभरात हे छापले गेले. यातही लेखनिक होता आणि इंग्रजी त्याचेच. तरीही या मजकुरात बोलणारा माणूस लेखनिकाला आवरलेला नाही, हे पानोपानी जाणवते.

ली च्यूची सुरुवातच अमेरिकी वाचकाला उलटी पडावी अशी आहे. कँटन प्रांतातल्या त्याच्या गावात आजोबा परदेशी लोकांविषयी सांगत. हे लोक कपटी आहेत, जादूटोण्याने हजारो मैलांवर बोलतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे जुन्याच्या जागी सारखे नवे आणून पूर्वजांचा अपमान करतात. दूरसंपर्क आणि प्रगती या दोन अभिमानाच्या गोष्टी चिनी म्हाताऱ्याच्या हिशेबात अवगुणांच्या रकान्यात पडल्या. परक्यांविषयीच्या आंधळ्या समजुती ही केवळ गोऱ्यांची मिरास नव्हे, हे ली च्यू कसलाही उपदेश न करता सांगून जातो.

पुढे गावातलाच एक जण अमेरिकेतून गबर होऊन परततो, भिंत घालून बाग करतो, तीत ओढे-पूल बांधतो, गावजेवण घालतो. तो वैभवाचा देखावा पाहून सोळा वर्षांचा ली च्यू वडिलांकडून १०० डॉलर घेतो आणि हाँगकाँगहून जहाजाच्या तळच्या वर्गातून सान फ्रान्सिस्कोला जातो. तिथे एका कुटुंबात आठवड्याला साडेतीन डॉलरवर घरगडी म्हणून राहतो, आणि नंतर भागीदारीत लाँड्री काढतो.

इथे या कथनाचा गाभा येतो. चिनी माणूस म्हणजे धोबी, हे समीकरण अमेरिकेत इतके मुरलेले होते, की कपडे धुणे हा जणू त्या वंशाचा उपजत गुण. ली च्यू सांगतो, की चीनमध्ये लाँड्री हा प्रकारच नाही. तिथे बायका टबात कपडे धुतात, कपडे घासायची फळी नाही आणि इस्त्रीही नाही. इथल्या सगळ्या चिनी लाँड्रीवाल्यांना हे काम अमेरिकी बायकांनी शिकवले, तसे त्यालाही शिकवले. मग हाच धंदा का? कारण त्याला भांडवल थोडे लागते, आणि बाकीच्या बऱ्याच धंद्यांची दारे चिन्यांना बंद आहेत. ज्याला वंशाचा स्वभाव म्हटले जात होते तो बंद दारांचा परिणाम निघाला. हा खुलासा एखाद्या प्राध्यापकाने लेखात केला असता तर कदाचित नजरेआड झाला असता. इस्त्री हातात धरून राबलेला माणूस सांगतो तेव्हा त्याला वजन येते.

‘चिनी इथे घर करत नाहीत, पैसा कमावून पळतात’ या आरोपाचेही तेच. ली च्यू म्हणतो, इथे चिनी बायका जवळजवळ नाहीतच, मग संसार कोणाशी मांडायचा? १८७५ च्या पेज कायद्यापासून चिनी स्त्रियांना येणे अवघड झालेले होते. आधी घर करू द्यायचे नाही आणि मग घर करत नाही म्हणून बोल लावायचा, ही गंमत त्याला चांगली कळली होती.

पण ली च्यू सज्जनांच्या यादीत बसवता येत नाही. चिन्यांविरुद्धचा आरडाओरडा इतर देशांतून आलेल्या मजुरांच्या, विशेषतः आयरिशांच्या मत्सरातून उठला, इथवर त्याचे ठीक आहे. पुढे त्याची गाडी घसरते. आयरिशांनी तुरुंग आणि अनाथाश्रम भरले आहेत, इटालियन भयंकर धोकादायक, ज्यू गलिच्छ आणि अडाणी, आणि या सर्वांना मोकळे रान असताना स्वच्छ, कष्टाळू, कायदा पाळणाऱ्या चिन्यालाच मज्जाव, असा त्याचा युक्तिवाद. ज्या पुस्तकात हे छापले त्यातच इटालियन बूटपॉलिशवाला रोक्को कोर्रेस्का आहे आणि ज्यू सेडीही आहे. होल्ट यांनी हा भाग कापला नाही, ही त्यांच्या संपादनातली सर्वांत चांगली गोष्ट. सहानुभूती मिळवून देण्याच्या हेतूने कोणी मजकूर रचला असता, तर ही विधाने पहिल्या वाचनातच गळली असती. ती उरली, म्हणून सांगणारा उरला.

याच कसोटीवर सेडीकडे पाहता येते. वाक्ये तिची नसतील. पण कपड्यांवर आठवड्याला एक डॉलर उधळते म्हणून लोक नावे ठेवतात, यावर तिचे म्हणणे असे, की कोनी आयलंडला, अल्मर पार्कला किंवा नाटकाला जायचे तर मुलीला चांगले कपडे हवेतच. भरीस घालणाऱ्या हेन्री नावाच्या आपल्या मित्राला ती लग्नाबद्दल ‘अजून लहान आहे’ म्हणून थोपवून ठेवते. स्वेटशॉपमधल्या, म्हणजे तुटपुंज्या मजुरीवर राबवणाऱ्या कारखान्यातल्या, मुलीचा कळवळा असलेल्या सुधारकाला सुई बोटातून आरपार गेल्याचा प्रसंग हवा असतो, आणि तो कथनात आहे. पण चांगले कपडे आणि नाटक त्याला नको असते. तेही आहे. लेखनिकाने ऐकले तेवढे लिहिले, याचा याहून बरा पुरावा मिळणे कठीण.

फिलिपीन्समधल्या इगोरोट जमातीच्या प्रमुखाचे कथन या सगळ्यात निराळे पडते. तो स्थलांतरित नव्हता. कोनी आयलंडच्या प्रदर्शनात लोकांनी पैसे देऊन पाहावे म्हणून त्याला आणले होते, आणि त्याची मुलाखत दुभाष्यामार्फत झाली. म्हणजे त्याच्या आणि वाचकाच्या मध्ये एक नव्हे, दोन माणसे. तरी मजकुरातून येते ते अमेरिकी माणसांच्या कपड्यांच्या थरांविषयीचे त्याचे प्रतिकूल मत. बघायला आलेल्यांना तोही बघत होता.

कथनांनी कायदे मात्र बदलले नाहीत. १९०७ ते १९११ या काळात अमेरिकी काँग्रेसच्या डिलिंगहॅम आयोगाने स्थलांतरितांवर ४१ खंड काढले आणि दक्षिण व पूर्व युरोपातून येणाऱ्यांना कमी प्रतीचे ठरवले. १९१७ साली साक्षरतेची अट आली, १९२१ साली आलेले देशवार कोटे १९२४ साली आणखी कडक झाले, आणि सेडी व रोक्कोच्या मुलखांतून येणाऱ्यांचा ओघ आटला. चिन्यांवरची बंदी उठली ती १९४३ साली, जपानविरुद्धच्या युद्धात चीन दोस्त झाल्यावर, आणि तेव्हाही वर्षाला १०५ जणांपुरतीच. ली च्यू आपले कथन संपवताना विचारतो, की अशा परिस्थितीत या देशाला घर कसे म्हणू, आणि पैसे घेऊन गावी परतलो तर दोष कोण देईल? तो परतला की नाही, हे पुस्तकात नाही.

होल्ट यांचे पुस्तक पुढे बरीच वर्षे विस्मृतीत होते. १९९० साली वर्नर सॉलर्स यांच्या प्रस्तावनेसह ते पुन्हा निघाले, तेव्हा स्थलांतरितांच्या लेखनाचे अभ्यासक त्याकडे वळले. याच साप्ताहिकाने १९०९ साली आणखी एक आत्मकथन छापले, त्यात लेखनिक नव्हता. वडील इंग्रज, आई चिनी, चेहरा गोरा. समोरच्याला ती कोण हे कळत नसल्यामुळे लोक तिच्यादेखत मनातले बोलून जात. ती सुई सिन फार, पुढच्या लेखांकात.